बेसिल डॉलिव्हेरा : ज्याच्या बॅटिंगने एक अख्खं सरकार घाबरलं

स्लिप_कॉर्डन

खेळातला वर्णभेद म्हटलं की आपल्याकडे चार-पाच ठरलेली नावं निघतात, जेसी ओवेन्स, मोहम्मद अली, जॅकी रॉबिन्सन वगैरे. क्रिकेट आपण एवढं पाहतो, खातो, पितो, तरी बेसिल डॉलिव्हेरा हे नाव सांगितलं तर निम्मे लोक म्हणतात कोण हा पोर्तुगीज? म्हणून हा धागा. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

जन्म केपटाऊनचा, सिग्नल हिलच्या उतारावरच्या वस्तीतला, ४ ऑक्टोबर १९३१. (या तारखेवरून पुढे बरंच रामायण आहे, ते येईलच.) तिथल्या सरकारी वर्गवारीत हे लोक 'कलर्ड', म्हणजे ना गोरे ना काळे, मिश्र वंशाचे. १९४८ ला नॅशनल पार्टी आली आणि आधीपासून चालत आलेला भेदभाव रीतसर कायद्यात बसला. शाळा वेगळी, बस वेगळी, समुद्रकिनारा वेगळा, आणि अर्थात क्रिकेटही वेगळं. गोऱ्यांची टीम म्हणजेच साऊथ आफ्रिका, ती फक्त इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी खेळणार, भारत-पाकिस्तान-वेस्ट इंडिजशी खेळायचा प्रश्नच नाही. केपटाऊनच्या न्यूलँड्स मैदानावर टेस्ट असली की बिगरगोऱ्यांना एका कुंपणाआडच्या कोपऱ्यात बसवायचे आणि ही सगळी पब्लिक तिथून आपल्याच देशाविरुद्ध, पाहुण्या टीमसाठी ओरडायची. डॉलिव्हेरा लहानपणी तिथेच बसून मॅच बघायचा.

आणि खेळायचा कुठे? तर ग्रीन पॉइंटच्या उघड्या माळावर. एकाच माळावर कितीतरी मॅचेस एकमेकांत घुसलेल्या. मॅचच्या सकाळी पोरांनी लवकर यायचं, दगडगोटे वेचायचे, खड्डे बुजवायचे, मग त्यावर मॅटिंग अंथरून ताणून खिळे ठोकायचे आणि तरी बॉल कधी नाकाकडे यायचा कधी घोट्यावर. अशा पिचवर याने ऐंशीच्या वर शतकं ठोकलीत. नोकरी प्रिंटिंग कंपनीत. बिगरगोऱ्यांच्या साऊथ आफ्रिकन टीमचा कॅप्टन झाला, १९५६ मध्ये केनियाच्या आशियाई टीमला हरवलं, पण त्यापुढे रस्ताच नव्हता. वय पंचविशीपार, देशातला सर्वोत्तम बॅट्समनांपैकी एक, आणि देशाच्या टीममध्ये नेट बोलर म्हणूनही जागा नाही.

मग या गड्याने १९५८ मध्ये इंग्लंडला पत्र टाकलं, कोणाला, तर रेडिओवरचे कॉमेंटेटर जॉन आर्लट यांना. ओळख ना पाळख, फक्त रेडिओवर आवाज ऐकलेला. पत्र हिरव्या शाईत. मला इंग्लंडमध्ये कुठे खेळायला मिळेल का. आर्लट यांनी ते फेकलं नाही, हे आपलं नशीब. त्यांनी मँचेस्टरच्या जॉन के या पत्रकाराला कामाला लावलं आणि १९६० च्या सीझनला वेस्ट इंडिजचा फास्ट बोलर वेस हॉल येणार नाही म्हटल्यावर मिडलटन क्लबने याला ४५० पौंडांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. त्यातले २०० च्या आसपास विमानभाड्यातच जाणार! मग केपटाऊनमध्ये वर्गण्या, मॅचेस, कार्यक्रम. बेनी बनसदा नावाचा पत्रकार या सगळ्यात पुढे होता, आणि गेराल्ड इन्स या गोऱ्या क्रिकेटरनेही गोरे खेळाडू गोळा करून मदतीची मॅच भरवली. बायको नेओमी गरोदर, तिला मागे ठेवून हा निघाला.

उरलेलं पुढच्या कॉमेंटमध्ये टाकतो, मोबाईलवरून टायपून अंगठा गेला.

मिसळपुराण

मस्त सुरुवात! येऊ द्या.

आजोबा_दादर

अहो स्लिप_कॉर्डन, आम्ही लहानपणी रेडिओवर हे नाव ऐकलंय, डॉली म्हणायचे त्याला. १९६७ ला लीड्सला आपल्याविरुद्धच त्याने पहिलं टेस्ट शतक काढलं, १०९. त्याच इनिंगमध्ये बॉयकॉटने नाबाद २४६ काढले आणि फार हळू खेळलास म्हणून पुढच्या टेस्टला त्याला बाहेर बसवला, आहे की नाही मजा. फॉलोऑननंतर पतौडीने १४८ मारले, आपला वाडेकर ९१ वर गेला, पाचशेच्या वर केले तरी हरलो ती गोष्ट वेगळी.

आणि ७१ च्या ओव्हलला जेव्हा वाडेकरच्या टीमने इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं तेव्हा त्या टीममध्ये डॉलिव्हेरा होता. दुसऱ्या इनिंगमध्ये व्यंकटच्या बोलिंगवर बदली खेळाडूच्या हातात कॅच देऊन १७ वर गेला. सगळ्यांना सोलकरने घेतलेला नॉटचा कॅच आठवतो, ते बरोबरच आहे म्हणा, पण दुसऱ्या इनिंगमध्ये त्यांचा मिडल ऑर्डरचा भरवशाचा माणूस हाच होता.

स्लिप_कॉर्डन

@आजोबा_दादर क्या बात है, हे मी टाकणारच होतो. धन्यवाद.

तर पुढे. एप्रिल १९६० ला हा लंडनला उतरला. शार्पव्हिलला पोलिसांनी आंदोलकांवर गोळ्या झाडून ६९ माणसं मारली होती त्याला जेमतेम दहा दिवस झालेले. आणि हा इथे बघतोय काय तर गोरी माणसं वेटरचं काम करतायत, रस्ता झाडतायत. कुठल्या दारातून शिरायचं, कुठे बसलेलं चालेल, हे आधी शोधायची सवय इतकी मुरलेली की ट्रेनमध्ये, हॉटेलात अवघडून उभा राहायचा. मिडलटनला एका कुटुंबात राहायची सोय झाली, घरचे प्रेमळ होते.

पण बॅटिंग? गवताच्या ओल्या पिचवर हा आयुष्यात खेळलाच नव्हता! पहिल्या पाच इनिंगमध्ये मिळून २५ रन. लोक कुजबुजायला लागले, की हा कुठला प्रोफेशनल आणलाय. मग त्याने बॉल उशिरा खेळायला शिकून घेतलं, बॅकलिफ्ट छोटी केली, आणि सीझन संपला तेव्हा ९३० रन घेऊन लीगच्या बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये सगळ्यात वर. त्याच लीगमध्ये रॅडक्लिफकडून कोण खेळत होता माहितीय? गॅरी सोबर्स.

तिथून १९६४ ला वुस्टरशायर काउंटीकडे. ते दोन्ही वर्षं काउंटी चॅम्पियन झाले, ६४ आणि ६५. आणि १९६६ ला लॉर्ड्सवर इंग्लंडकडून टेस्ट डेब्यू, वेस्ट इंडिजविरुद्ध.

वयाचं रामायण आता सांगतो. काउंटीत गेल्यावर त्याने वय तीनेक वर्षांनी कमी सांगितलं. खरं वय कळलं असतं तर तिशी ओलांडलेल्या नवख्याला कोण घेणार होतं? टेस्ट डेब्यूला पेपरात जे काही छापलं असेल ते असो, खरं वय ३४ होतं. आपल्याकडे ज्या वयात पोरं रिटायर होऊन कॉमेंट्री बॉक्समध्ये जातात.

चिवट_नाईटवॉचमन

थोडा विरोधी सूर लावतो, रागावू नका. हीरो वगैरे ठीक आहे पण वय चोरलं, हे आपण आपल्या अंडर-१६ च्या पोरांनी केलं तर चार पानी लेख लिहितो. शिवाय ६७-६८ च्या वेस्ट इंडिज टूरवर हा फेल गेला, पार्ट्या आणि दारूचीच चर्चा जास्त होती असं वाचलंय. म्हणजे त्याला वगळलं त्यात क्रिकेटचंही काही कारण असू शकतं ना? प्रत्येक ड्रॉप म्हणजे वर्णभेद असं करून चालत नाही.

स्लिप_कॉर्डन

@चिवट रागावतोय कशाला, मुद्दा रास्त आहे. त्या टूरवर तो खरंच चालला नाही आणि रात्री जागवायचा हेही खरंय. पण पुढचं वाच आणि मग बोल.

१९६८. उन्हाळ्यात ऑस्ट्रेलिया इंग्लंडमध्ये, हिवाळ्यात एमसीसी साऊथ आफ्रिकेला जाणार. (एमसीसी म्हणजे लॉर्ड्सचा मेरिलबोन क्रिकेट क्लब, तेव्हा इंग्लंडची टीम टूरवर त्याच नावाने जायची.) सगळ्यांच्या डोक्यात एकच, की डॉलिव्हेरा निवडला गेला तर साऊथ आफ्रिकेचं फोर्स्टर सरकार काय करणार. पहिल्या टेस्टला ओल्ड ट्रॅफर्डला इंग्लंड हरलं, पण दुसऱ्या इनिंगमध्ये याचे नाबाद ८७, टीममध्ये सर्वाधिक. पुढच्या टेस्टला हाच बाहेर! लॉर्ड्सच्या त्या टेस्टदरम्यान बड्या लोकांनी त्याला बाजूला घेऊन सुचवलं की तूच जाहीर कर, मी इंग्लंडकडून उपलब्ध नाही, साऊथ आफ्रिकेकडून खेळायची इच्छा आहे. म्हणजे सगळ्यांचीच सुटका. त्याने साफ नाही म्हटलं, त्याला रागच आला.

मग आणखी एक. रॉथमन्स या सिगारेट कंपनीच्या टिनी ऑस्टहायझेन नावाच्या माणसाने ऑफर ठेवली, साऊथ आफ्रिकेत बिगरगोऱ्या पोरांना कोचिंग कर, वर्षाला ४००० पौंड, घर, गाडी. अट एवढीच की टीम निवडायच्या आधीच सांगायचं की मी टूरसाठी नाही. ४५० पौंडांवर सुरुवात केलेला माणूस आहे हो हा. घरी बायको-मुलं. थोडा डगमगला, सल्ला घेतला, शेवटी घेतली नाही.

आता ओव्हल, शेवटची टेस्ट, ऑगस्ट. टीममध्ये तो नव्हताच. रॉजर प्रिडो आजारी पडला म्हणून आदल्या दिवशी बोलावणं. पहिला दिवस संपला तेव्हा २४ नाबाद. दुसऱ्या दिवशी ३१ वर असताना कीपर जारमनने त्याचा कॅच सोडला, आणि मग १५८. अंपायर चार्ली एलियट शतकानंतर त्याला हळूच म्हणाले की आता तू चांगलीच पंचाईत करून ठेवलीस बघ सगळ्यांची.

शेवटच्या दिवशी लंचला ऑस्ट्रेलिया ८६ ला ५, आणि धो धो पाऊस. मैदानाचं तळं. पाऊस थांबल्यावर ग्राउंड्समनबरोबर प्रेक्षक उतरले, झाडू, बादल्या, घोंगड्या, जे मिळेल ते घेऊन पाणी उपसलं, आणि पावणेपाचला मॅच सुरू झाली. सव्वा तास हातात. अंडरवूड एका बाजूने पण विकेट पडेना. कॅप्टन काउड्रीने डॉलिव्हेराकडे बॉल दिला आणि त्याने जारमनलाच बोल्ड केलं! जोडी फुटली, त्यानंतर अंडरवूडने उरलेल्या चार काढल्या, अकराच्या अकरा फिल्डर बॅटभोवती, सहा मिनिटं राहिली असताना इंग्लंड २२६ रननी जिंकलं. अंडरवूड ५० रनमध्ये ७.

बोला आता, हा खेळाडू पुढच्या टूरला नको?

मिसळपुराण

एक मिनिट, म्हणजे १५८ मारून, जोडी फोडून मॅच काढून दिली आणि तरी नाही घेतलं????

स्लिप_कॉर्डन

नाही घेतलं. २७ ऑगस्टला मॅच संपली त्याच रात्री लॉर्ड्सवर मीटिंग बसली, रात्री उशिरापर्यंत चालली. २८ ला टीम रेडिओवर वाचून दाखवली. हा तेव्हा वुस्टरला ससेक्सविरुद्ध शतक मारून, १२८, ड्रेसिंग रूममध्ये परतला होता. सगळे ट्रान्झिस्टरभोवती. नावं संपली, याचं नाव नाही. टॉम ग्रेव्हनी त्याचा टीममेट, त्याने त्याला शेजारच्या खोलीत नेलं. हा हमसून हमसून रडला. तिथे घरी केपटाऊनला रेडिओला कान लावून बसलेल्या लोकांचं काय झालं असेल.

सिलेक्शन कमिटीचे चेअरमन डग इन्सोल म्हणाले, निव्वळ क्रिकेटच्या निकषावर निवड झालीये, परदेशात तो ऑलराउंडर म्हणून नाही तर बॅट्समन म्हणून धरला आणि त्या जागेवर त्याच्यापेक्षा चांगले आहेत. एमसीसीच्या आत काही मंडळींना फोर्स्टरची धमकी (डॉलिव्हेरा असेल तर टूर नाही) आधीच माहीत होती, एमसीसीचे माजी अध्यक्ष लॉर्ड कॉबहॅम यांच्याकरवी निरोपच आला होता, आणि तो सगळ्या कमिटीसमोर ठेवलाच गेला नाही. @चिवट, आता सांग, क्रिकेटचं कारण?

चिवट_नाईटवॉचमन

हम्म. वगळण्यात काळंबेरं होतं हे मान्य. पण वय चोरलं ते चोरलंच :)

गल्लीबोळ_पुणे

@चिवट वय चोरण्यावरून एवढं कशाला. ज्याची पहिली दहा वर्षं कायद्याने चोरली त्याने तीन परत घेतली, हिशोब अजून सातचा बाकी आहे.

पावसाळी_रत्नागिरी

+१ गल्लीबोळ.

हे वाचताना पालवणकर बाळू आठवल्याशिवाय कसे राहतील? जात आणि वर्ण या दोन गोष्टी सरसकट एक नाहीत हे मान्य, पण मैदानावरचा अनुभव किती सारखा आहे बघा. पुण्याच्या क्लबात साहेबांना नेटमध्ये बोलिंग टाकून टाकून तयार झालेला दलित डावखुरा स्पिनर, पुढे हिंदू टीममध्ये घेतला कारण त्याच्याशिवाय मॅच जिंकता येईना, पण चहा? बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड टूरवर ११४ विकेट, आणि कॅप्टनशिप आयुष्यभर नाही. भावाला, विठ्ठलला, १९२३ ला मिळाली तीही भांडून. आपल्याकडच्या पोरांना डॉलिव्हेरा सोडा, बाळूही माहीत नसतो.

स्लिप_कॉर्डन

@पावसाळी अगदी. बाळूंवर स्वतंत्र धागा हवाच, तुम्हीच काढा.

पुढचं पटकन. १६ सप्टेंबरला टॉम कार्टराइट दुखापतीमुळे बाहेर पडला आणि त्याच्या जागी, ऑलराउंडर नाही म्हणून नाकारलेल्या डॉलिव्हेराला घेतलं. म्हणजे एका बोलिंग ऑलराउंडरच्या जागी! लोकांनी काय ते समजून घेतलं. दुसऱ्याच दिवशी ब्लूमफोन्टेनला पंतप्रधान फोर्स्टरनी भाषण ठोकलं, की ही एमसीसीची टीम नाही, वर्णभेदविरोधी चळवळीची टीम आहे, ती आम्ही घेणार नाही. २४ तारखेला एमसीसीने टूर रद्द केला.

आणि मग दोऱ्याचं टोक सापडल्यासारखं सगळं उसवत गेलं. १९७० चा साऊथ आफ्रिकेचा इंग्लंड टूर वर्णभेदविरोधी कार्यकर्ता पीटर हेनच्या आंदोलनामुळे रद्द, ७१-७२ चा ऑस्ट्रेलिया टूर रद्द, आणि बॅरी रिचर्ड्स, ग्रॅम पोलॉक, प्रॉक्टर यांची ती जबरदस्त टीम टेस्ट क्रिकेटमधून गायब. रिचर्ड्सला चारच टेस्ट मिळाल्या.

केपटाऊन_रिटर्न

माझे दोन पैसे. मी नोकरीनिमित्त तिकडे राहिलोय, बो-काप आणि सिग्नल हिलकडे फिरलोय, आता रंगीबेरंगी घरांचे फोटो काढायला टुरिस्टांची रांग असते. मला भेटलेल्या जुन्या लोकांमध्ये डॉलिव्हेराबद्दल दोन मतं ऐकली. एक अर्थातच अभिमानाचं. दुसरं जरा कडवट, की हा माणूस राजकारणापासून लांब राहिला, बहिष्काराच्या काळातही तिकडे कोचिंगला येत राहिला. बिगरगोऱ्यांचं क्रिकेट चालवणारे हसन हावा यांच्या संघटनेची भूमिका होती की समाज नॉर्मल नसताना खेळ नॉर्मल असू शकत नाही, म्हणून सगळंच बंद. डॉलिव्हेराचं म्हणणं पोरांना खेळू द्या. दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या त्याने.

मला स्वतःला हावांचं म्हणणं जास्त पटतं. पण घर सोडून गेलेल्या माणसाला घरी परत यावंसं वाटणं हेही समजतं.

तिसरा_अंपायर

किरकोळ माहितीची भर: डॉलिव्हेरा पहिला नव्हे ज्याला रंगामुळे थांबवलं. क्रोम हेंड्रिक्स नावाचा केपचा फास्ट बोलर होता, १८९४ च्या इंग्लंड टूरमधून त्याला वगळलं ते उघडपणे वर्णामुळेच. म्हणजे अपार्थाइड (तिथल्या कायदेशीर वर्णभेदाचं नाव) हा शब्द रुळायच्या पन्नासेक वर्षं आधी, तेही इंग्रजांच्या राज्यात. सगळं पाप १९४८ नंतरच्या बोअर (डच वंशाच्या गोऱ्या) मंडळींवर ढकलायची सोय नाही.

आजोबा_दादर

भारताची भूमिका या बाबतीत ताठ होती हे नवीन पोरांनी लक्षात ठेवावं. आपण १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, साऊथ आफ्रिकेशी व्यापार तोडला. १९७४ ला डेव्हिस कप फायनलला पोचलो, समोर साऊथ आफ्रिका, आणि आपण खेळलोच नाही, कप त्यांना गेला. विजय आणि आनंद अमृतराज फॉर्मात होते हो, जिंकलोही असतो.

म्हणून तर १९९१ च्या १० नोव्हेंबरला क्लाइव्ह राइसची साऊथ आफ्रिकेची टीम बहिष्कार संपल्यावर ईडन गार्डन्सवर उतरली त्याचं महत्त्व. डोनाल्डने पाच काढल्या, सचिनने ६२, आणि डेब्यूला आपला प्रवीण आमरे ५५. पुढच्या वर्षी डर्बनला टेस्ट डेब्यूलाही आमरेने १०३ काढले, आणि गंमत म्हणजे त्याच टेस्टमध्ये साऊथ आफ्रिकेकडून ओमर हेन्रीने डेब्यू केला, केपचाच, कलर्ड समाजातला, वयाच्या चाळिशीत.

गल्लीबोळ_पुणे

आजोबा, हे आमरे-हेन्री एकाच टेस्टमध्ये हे माहीत नव्हतं. चाळिशीत डेब्यू! म्हणजे डॉलिव्हेरा ३४ ला लवकरच आला म्हणायचा.

मिसळपुराण

शेवटी इंग्लंडवाल्यांनी त्याला किती खेळवलं ते तर सांगा.

स्लिप_कॉर्डन

४४ टेस्ट, २४८४ रन, अ‍ॅव्हरेज ४०.०६, पाच शतकं, ४७ विकेट. ७०-७१ ला इलिंगवर्थच्या टीमने ऑस्ट्रेलियात अ‍ॅशेस जिंकली तेव्हा मेलबर्नला ११७. शेवटची टेस्ट १९७२ ला, चाळिशी ओलांडलेली. हे आकडे बघताना डोक्यात ठेवा की सगळे चौतिशीनंतरचे आहेत. पंचवीस ते तेहतीस ही बॅट्समनची मलई, ती ग्रीन पॉइंटच्या मॅटिंगवर आणि लीग क्रिकेटमध्ये गेली.

माझं म्हणणं शेवटी एवढंच आहे की लोक त्याला 'साधा भोळा माणूस, राजकारणात ओढला गेला' असं रंगवतात ते मला पटत नाही. त्याने घोषणा दिल्या नाहीत हे खरं. पण लॉर्ड्सवर बडी मंडळी समजावत असताना नाही म्हणाला, ४००० पौंड समोर असताना नाही म्हणाला, आणि या दोनपैकी एकदा जरी हो म्हटला असता तर १९६८ चा टूर सुरळीत पार पडला असता, एमसीसीचे लोक स्टेलनबॉशची वाईन पिऊन परत आले असते आणि पुढची कित्येक वर्षं सगळं तसंच चालू राहिलं असतं. काउड्रीबद्दल मात्र मला अजून ठरवता येत नाही. ओव्हलला त्याने डॉलिव्हेराला भरवसा दिला होता म्हणतात, मग मीटिंगमध्ये बसून तो गप्प का बसला?

चिवट_नाईटवॉचमन

काउड्रीला कॅप्टनशिप टिकवायची होती, त्यात ठरवायचं काय. जन्मभर सगळ्यांना गोड बोलणारा माणूस, अशा लोकांचं मत मीटिंगमध्ये बहुमताकडेच जातं.

बाकी धागा आवडला. वयाचं मागे घेतो, गल्लीबोळचा हिशोब पटला.

तिसरा_अंपायर

@चिवट काउड्रीवर एवढं सरळ नका बोलू. नंतर डिसेंबर १९६८ ला डेव्हिड शेपर्डने एमसीसीच्या कारभाराविरुद्ध खास सभा बोलावली, बाजूने माइक ब्रेअर्ली बोलला, आणि सभासदांनी भरघोस मतांनी एमसीसीच्या बाजूने कौल दिला. म्हणजे एकटा काउड्री नाही, अख्खं लॉर्ड्सच तसं होतं. त्या शेपर्ड-ब्रेअर्लीवर कोणी लिहाल का? बिशप झालेला टेस्ट क्रिकेटर, तो तर वेगळाच विषय आहे.

पावसाळी_रत्नागिरी

शेपर्डवर तुम्हीच लिहा तिसरा_अंपायर. मी बाळूंचा घेते, पण गणपतीनंतर, आत्ता घरात पाहुणे आहेत.